विंडोतील घटकांची लवचिक मांडणी

संगणकाच्या पडद्यावरील विंडोचे म्हणजे चौकटीबद्ध कार्यक्षेत्राचे आकारमान वापरकर्त्याने बदलले असता तिच्यातील बटने, मजकूर भरावयाच्या चौकटी, याद्या, चित्रे इ. घटकांची स्थाने व आकारमाने त्या बदलास अनुसरून आपोआप ठरविण्याची पद्धती. विंडो किती रुंद व किती उंच ठेवावयाची हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवीत नाही. ते वापरकर्ता ठरवितो. पडद्याचे आकारमान, अक्षरांचा आकार व वापरकर्त्याची भाषा यांविषयीही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास आगाऊ माहिती नसते. म्हणून प्रत्येक घटक पडद्यावर नेमका कोठे असावा हे अंकांनी निश्चित करण्याऐवजी घटकांचे परस्परांशी व विंडोच्या कडांशी असलेले संबंध सांगून ठेवावयाचे आणि प्रत्यक्ष अंक काढण्याचे काम संगणकाकडे सोपवावयाचे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

स्थिर मांडणी व तिचे दोष : प्रत्येक घटकाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याचे सहनिर्देशक आणि त्याची रुंदी व उंची हे चार अंक देऊन केलेल्या मांडणीस स्थिर मांडणी म्हणता येईल. अंक पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरील लहानात लहान प्रकाशबिंदूंच्या संख्येत, दिले जातात. अशी मांडणी करणे सोपे असते व ती ज्या पडद्यावर तयार केली त्या पडद्यावर व्यवस्थितही दिसते. विंडो मोठी केली मात्र उजवीकडे व खाली रिकामी जागा पडून राहते. लांबलचक यादी पूर्वीच्याच अरुंद चौकटीत अडकलेली राहते. विंडो लहान केली तर उजव्या व खालच्या बाजूचे घटक कडेपलीकडे जाऊन दिसेनासे होतात. पुष्कळ प्रोग्रॅमांत काम पूर्ण करावयाचे बटन उजव्या-खालच्या कोपऱ्यात असते. त्यामुळे प्रथम तेच नाहीसे होते आणि माहिती भरून झाली तरी ती पुढे पाठविता येत नाही. हा केवळ सौंदर्यदृष्टीचा दोष नसून प्रोग्रॅम निरुपयोगी करणारा दोष आहे.

इतिहास : घटकांमधील संबंध सांगावयाचे व त्यांवरून आकृती संगणकाने सिद्ध करावयाची, ही कल्पना विंडोंपेक्षाही जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रोग्रॅममध्ये दोन रेषा समांतर असाव्यात किंवा समान लांबीच्या असाव्यात असे निर्बंध वापरकर्त्याला घालता येत असत. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. त्याचा उभा पडदा ६०६ पिक्सेल रुंद व ८०८ पिक्सेल उंच होता. त्यावरील स्मॉलटॉक प्रणालीत एकमेकींवर येणाऱ्या व आकार बदलता येणाऱ्या विंडो प्रचारात आल्या. १९८४ मध्ये विक्रीस आलेल्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा ५१२ × ३४२ पिक्सेलचा होता आणि विंडोच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यातील लहान चौकोन ओढून तिचा आकार बदलता येई. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत (१९८५) विंडो फरशांप्रमाणे शेजारी-शेजारी बसविल्या जात. एकीला जागा दिली की दुसरीची जागा कमी होत असे.

आरंभीच्या काळात पडद्यांचे थोडेच प्रकार होते, त्यामुळे स्थिर मांडणीवर काम भागत असे. मायक्रोसॉफ्टच्या संवाद-चौकटींत पिक्सेलऐवजी अक्षरांच्या मापावर आधारलेले एकक वापरीत. आडवे एकक अक्षराच्या सरासरी रुंदीच्या एक-चतुर्थांश, तर उभे एकक उंचीच्या एक-अष्टमांश इतके असे. त्यामुळे अक्षराचा आकार बदलला तरी मांडणीचे प्रमाण टिकत असे. तथापि विंडोच्या वाढत्या-घटत्या आकाराचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक या साधनात घटक पडद्यावर ओढून ठेवण्याची सोय होती. परंतु विंडोचा आकार बदलल्यावर काय करावयाचे हे प्रत्येक घटकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच आज्ञा लिहून सांगावे लागे.

मांडणी आपोआप करण्याच्या विचाराला एक महत्त्वाची प्रेरणा मुद्रणकलेतून मिळाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉनल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. खिळे जुळविणारा जुळारी ओळ दोन्ही कडांना नीट बसावी म्हणून शब्दांमधील जागा कमीजास्त करीत असतो. नूथ यांनी हीच क्रिया गणिताच्या भाषेत मांडली. अक्षरे, शब्द व ओळी म्हणजे ठराविक मापाच्या पेट्या आणि त्यांमधील मोकळी जागा म्हणजे ताणता व आवळता येणारा ‘गोंद’ अशी त्यांची कल्पना होती. प्रत्येक गोंदाला एक स्वाभाविक माप, ताणण्याची क्षमता व आवळण्याची क्षमता असते. स्टॅनफर्ड येथेच मार्क लिंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०–९० या दशकात तयार केलेल्या इंटरव्ह्यूज या साधनसंचात हीच कल्पना विंडोतील घटकांना लागू केली. नेक्स्ट संगणकावरील (१९८८) इंटरफेस बिल्डर या साधनात घटकाच्या आत व भोवती स्प्रिंगा आणि कडक दांडे काढून कोणते अंतर बदलावे व कोणते कायम राहावे हे दर्शविता येत असे.

१९९० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन औस्टरहाउट यांनी तयार केलेल्या टीके या साधनसंचात घटक एकामागून एक उरलेल्या जागेच्या एखाद्या बाजूला बसवीत जाण्याची पद्धती होती. १९९६ मध्ये प्रसृत झालेल्या जावा भाषेत मांडणी हे स्वतंत्र अंगच मानले गेले. तोच प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रणालींवर चालावा हा जावाचा हेतू होता आणि एकच बटन प्रत्येक प्रणालीवर वेगळ्या आकाराचे होत असल्यामुळे स्थिर सहनिर्देशकांवर विसंबणे शक्य नव्हते. जावातील एका मांडणीत विंडोचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य असे पाच भाग पडतात. उत्तर व दक्षिण भाग आपली उंची राखून रुंदीत ताणले जातात, पूर्व व पश्चिम भाग रुंदी राखून उंचीत ताणले जातात आणि उरलेली सर्व जागा मध्यभागाला मिळते. वर साधनपट्टी, खाली सूचनापट्टी, डावीकडे यादी व मध्ये लेखनक्षेत्र या परिचित रचनेचे हे साधे रूप होय.

प्रमुख पद्धती : प्रचारात असलेल्या पद्धतींचे पुढीलप्रमाणे पाच प्रकार करता येतात.

(१) प्रमाणबद्ध वाढ : विंडो ज्या प्रमाणात वाढली त्याच प्रमाणात प्रत्येक घटकाचे स्थान व आकारमान वाढविणे, ही सर्वांत सहज सुचणारी रीती आहे. नकाशा, छायाचित्र किंवा खेळाचा पट यांना ती योग्य ठरते. सर्वसाधारण घटकांना मात्र ती मानवत नाही. विंडो दुप्पट उंच केल्याने एका ओळीचा मजकूर भरावयाची चौकट दुप्पट उंच होणे निरर्थक असते आणि फक्त रुंदी वाढविली तर अक्षरे विद्रूप होतात. मोठी विंडो घेणाऱ्यास बहुधा अधिक मजकूर पाहावयाचा असतो, तोच मजकूर मोठा करून नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे ही रीती अनेकदा चुकीच्या ठिकाणी वापरली जाते.

(२) कडांशी जखडणे : या पद्धतीत घटकाचे विंडोच्या डाव्या, उजव्या, वरच्या व खालच्या कडांपैकी कोणत्या कडांपासूनचे अंतर कायम राहावे ते सांगितले जाते. केवळ डाव्या व वरच्या कडेशी जखडलेला घटक जागचा हलत नाही. उजव्या व खालच्या कडेशी जखडलेले बटन कोपऱ्याबरोबर सरकते. समोरासमोरच्या दोन्ही कडांशी जखडलेला घटक विंडोबरोबर ताणला जातो. डेल्फाय (चौथी आवृत्ती, १९९८) व मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्स (२००२) या साधनांमुळे ही पद्धती सर्वत्र रूढ झाली.

तिची मर्यादा एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ४०० पिक्सेल रुंदीच्या विंडोत प्रत्येकी १८० पिक्सेल रुंदीच्या दोन चौकटी शेजारी-शेजारी आहेत. पहिली १० पासून १९० पर्यंत व दुसरी २१० पासून ३९० पर्यंत पसरली आहे. दोन्ही चौकटी डाव्या व उजव्या अशा दोन्ही कडांशी जखडल्या आणि विंडो ६०० पिक्सेल रुंद केली, तर प्रत्येक चौकट २०० पिक्सेलनी रुंदावते. पहिली १० ते ३९० व दुसरी २१० ते ५९० अशी पसरते आणि २१० ते ३९० या १८० पिक्सेलच्या पट्ट्यात त्या एकमेकींवर येतात. विंडो ३०० पिक्सेलपर्यंत अरुंद केल्यास उलट त्यांच्यामध्ये १२० पिक्सेलची पोकळी पडते. याचे कारण असे, की प्रत्येक चौकटीचा संबंध फक्त विंडोशी जोडलेला आहे. शेजारच्या चौकटीची तिला दखलच नाही. नवशिक्यांना या पद्धतीत येणाऱ्या अडचणींपैकी पुष्कळशा याच कारणाने उद्भवतात.

(३) शिल्लक जागेची वाटणी : वरील दोष टाळण्यासाठी घटक ओळीत, स्तंभात किंवा उभ्या-आडव्या जाळीत बसविले जातात आणि त्यांना सामावून घेणाऱ्या धारकाकडे वाटणीचे काम सोपविले जाते. प्रत्येक घटकाचे एक स्वाभाविक माप असते. बटनाच्या बाबतीत ते त्यावरील शब्द व त्याभोवतीचा समास यांवरून निघते. सर्व घटकांना स्वाभाविक माप दिल्यावर जी जागा उरते ती प्रत्येकाला नेमून दिलेल्या भारानुसार वाटली जाते. उदा., एका ओळीत ८० पिक्सेल रुंदीचे नाव, २०० पिक्सेल रुंदीची चौकट व ७० पिक्सेल रुंदीचे बटन असून कडांचे समास व मधल्या फटी मिळून ४० पिक्सेल होतात असे मानल्यास एकूण स्वाभाविक रुंदी ३९० पिक्सेल होते. विंडो ६०० पिक्सेल रुंद असेल, तर २१० पिक्सेल शिल्लक राहतात. भार अनुक्रमे ०, १, ० असल्यास सर्व शिल्लक चौकटीला मिळून ती ४१० पिक्सेलची होते. नाव व बटन पूर्ववत राहतात. तिन्ही भार समान असल्यास रुंदी अनुक्रमे १५०, २७० व १४० पिक्सेल होते. तूट आल्यास तीही अशीच वाटली जाते, परंतु कोणताही घटक त्याच्या किमान मापाखाली जाऊ दिला जात नाही. चौकटीचे किमान माप १२० पिक्सेल ठरविल्यास संपूर्ण ओळीचे किमान माप ३१० पिक्सेल होते आणि विंडो त्याहून अरुंद करता येणार नाही अशी व्यवस्था करता येते. आधीच्या उदाहरणातील दोन चौकटींना समान भार दिल्यास ६०० पिक्सेलच्या विंडोत पहिली १० ते २९० व दुसरी ३१० ते ५९० अशी पसरते आणि मधली २० पिक्सेलची फट कायम राहते.

(४) प्रवाही मांडणी : ज्याप्रमाणे परिच्छेदातील शब्द ओळ संपताच पुढील ओळीवर जातात, त्याप्रमाणे घटक डावीकडून उजवीकडे मांडले जातात व जागा संपल्यावर खालच्या ओळीत उतरतात. छायाचित्रांचे संग्रह व साधनपट्ट्या यांना ही पद्धती सोयीची असते. महाजालावरील पृष्ठांची घडण मुळात याच तत्त्वावर झाली आहे. पृष्ठांच्या बाह्य रूपाचे नियम सांगणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली अधिकृत आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. पुढे भ्रमणध्वनींवर पृष्ठे वाचली जाऊ लागल्यावर एकच मांडणी सर्वत्र पुरेनाशी झाली. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये प्रवाही स्तंभ, लवचिक चित्रे आणि विंडोच्या रुंदीनुसार बदलणारे नियम या तिहींचा संयोग सुचविला. त्यानुसार रुंदी ठराविक मर्यादेखाली गेली की तीन स्तंभांचे दोन व पुढे एक होतो. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत जाळीची मांडणी थेट सांगता येऊ लागली. संपूर्ण विंडोऐवजी घटकाला मिळालेल्या धारकाची रुंदी पाहून नियम बदलण्याची सोयही २०२३ पर्यंत त्यांत आली.

(५) निर्बंधांवर आधारित मांडणी : येथे घटकांमधील संबंध एकघाती समीकरणे व असमता यांच्या रूपात मांडतात. ‘बटनाची डावी कड = चौकटीची उजवी कड + १०’, ‘दोन्ही बटनांची रुंदी समान’, ‘यादीची रुंदी किमान १२०’ ही अशा निर्बंधांची उदाहरणे होत. सर्वच निर्बंध एकाच वेळी पाळता येतील असे नसते, म्हणून काही अनिवार्य व काही शक्य तोवर पाळावयाचे अशी त्यांची प्रतवारी करतात. ग्रेग बॅड्रॉस, ॲलन बोर्निंग व पीटर स्टकी यांनी विकसित केलेल्या कॅसोवरी या गणनविधीमुळे विंडो ओढली जात असतानाच असे समीकरणसंच पुनःपुन्हा जलद सोडविणे शक्य झाले. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिंप्लेक्स पद्धतीचे ते एक सुधारित रूप आहे. ॲपल कंपनीने आपल्या संगणकांसाठी २०११ मध्ये व भ्रमणध्वनींसाठी २०१२ मध्ये याच तत्त्वावरील मांडणी उपलब्ध केली. त्याच वर्षी त्या कंपनीचा पूर्वीपेक्षा उंच पडद्याचा भ्रमणध्वनी बाजारात आला आणि एकाच मापाच्या पडद्यासाठी केलेल्या मांडण्यांत रिकामे पट्टे दिसू लागले. या पद्धतीत निर्बंध अपुरे पडले तर घटकाचे स्थान अनिश्चित राहते आणि परस्परविरोधी असले तर एखादा निर्बंध मोडावा लागतो. कोणता निर्बंध मोडला हे शोधणे पुष्कळदा कठीण असते.

गणनेचा क्रम : विंडोतील घटक वृक्षाप्रमाणे रचलेले असतात. विंडो हे मूळ, धारक या फांद्या व प्रत्यक्ष दिसणारे घटक ही पाने होत. मांडणीची गणना बहुधा दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत प्रत्येक घटकाला ‘तुला किती जागा हवी’ असे जणू विचारले जाते. पानांची मापे कळल्यावर त्यांवरून धारकांची व शेवटी विंडोची स्वाभाविक व किमान मापे काढतात. दुसऱ्या फेरीत वरून खाली येत प्रत्यक्ष उपलब्ध जागा वाटली जाते. पहिली फेरी ही मागणी व दुसरी ही मंजुरी असे म्हणता येईल. मायक्रोसॉफ्टच्या २००६ मधील डब्ल्यूपीएफ या साधनसंचात या दोन फेऱ्या स्पष्टपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत.

मजकुराच्या बाबतीत या क्रमात एक गुंतागुंत निर्माण होते. परिच्छेदाची उंची त्याला मिळालेल्या रुंदीवर अवलंबून असते. अरुंद स्तंभात ओळी वाढतात. म्हणून परिच्छेदाला ‘अमुक रुंदी मिळाल्यास किती उंची लागेल’ असा प्रश्न विचारावा लागतो. धारकात धारक असे अनेक थर असून प्रत्येक थराने आपल्या आतील घटकांची मापे दोनदा विचारली, तर विचारणांची संख्या थरागणिक दुप्पट होते. दहा थरांत ती १,०२४ पटीवर जाते. पडदा सेकंदास ६० वेळा नव्याने रेखाटला जात असल्यास एका रेखाटनासाठी सु. १६.७ मिलिसेकंदच मिळतात आणि तेवढ्यात मांडणी पूर्ण झाली नाही तर विंडो ओढताना अडखळते. जुन्या संगणकांवर ही अडचण टाळण्यासाठी ओढताना विंडोची फक्त बाह्यरेषा दाखवीत व हात सोडल्यावर एकदाच मांडणी करीत. आता मापे साठवून ठेवणे व ज्या भागात बदल झाला तेवढ्याचीच गणना करणे हे उपाय योजतात.

व्यवहारातील दक्षता : प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः गणना करतो तेव्हा काही चुका वारंवार आढळतात. पिक्सेलचे तुकडे होत नाहीत. म्हणून १०० पिक्सेल तीन स्तंभांत वाटताना ३३, ३३ व ३४ असे वाटून उरलेला एक पिक्सेल कोठे द्यावयाचा ते ठरवावे लागते. न ठरविल्यास उजव्या कडेला बारीक फट राहते. नवे माप मागील मापावरून काढल्यास पूर्णांकात रूपांतर करतानाची चूक साचत जाते. १०१ पिक्सेलची चौकट निम्मी करताना ५० पिक्सेलची होते व पुन्हा दुप्पट केल्यावर १०० पिक्सेलची राहते. असे अनेकदा घडल्यावर मांडणी हळूहळू विस्कटते. म्हणून प्रत्येक वेळी मूळ मापावरूनच गणना करावी लागते. विंडोज प्रणालीत विंडो खालच्या पट्टीवर उतरवून ठेवली असता तिची रुंदी व उंची शून्य असल्याचे कळविले जाते. या शून्यावरून गणना केल्यास घटकांची मापे शून्य किंवा ऋण होतात आणि विंडो पुन्हा उघडल्यावर ती पूर्वस्थितीस येत नाहीत. विंडोच्या बाह्य मापात शीर्षकपट्टी व किनारही धरलेली असते. मांडणी मात्र आतील मोकळ्या क्षेत्राच्या मापावरून करावयाची असते.

पिक्सेल हे माप सर्व पडद्यांवर सारख्याच लांबीचे नसते, हेही विचारात घ्यावे लागते. अँड्रॉइड प्रणालीत यासाठी घनतानिरपेक्ष एकक वापरतात. दर इंचास १६० बिंदू असलेल्या पडद्यावर ते एका पिक्सेलएवढे, तर ३२० बिंदू असलेल्या पडद्यावर दोन पिक्सेलांएवढे असते. त्यामुळे बोटाने दाबावयाचे बटन सर्व पडद्यांवर जवळजवळ सारख्याच आकाराचे राहते.

भाषा व लिपी : मांडणी लवचिक असण्याची गरज विंडोचा आकार बदलला नाही तरी भासते, ती भाषांतरामुळे. इंग्रजीतील ‘ओके’ ही दोन अक्षरे मराठीत ‘ठीक आहे’ अशी होतात. उलट इंग्रजीतील सहा अक्षरांच्या ‘सर्च’ या शब्दासाठी ‘शोधा’ हा छोटा शब्द पुरतो. म्हणजे मराठी शब्द सरसकट लांब किंवा सरसकट आखूड असतो असे नाही. किती जागा लागेल हे प्रत्येक शब्दागणिक बदलते. इंग्रजी शब्दाच्या मापाने गोठविलेल्या बटनावर त्यामुळे मराठी शब्द मध्येच तुटतो.

देवनागरीत उभ्या दिशेचाही प्रश्न असतो. रोमन अक्षरे आधाररेषेवर बसतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लोंबकळतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांना आणि अक्षराच्या खाली उकार, ऋकार व काही जोडाक्षरांच्या खालच्या भागांना जागा लागते. चौकटीची उंची रोमन अक्षरांवरून बेतलेली असल्यास ‘र्कीं’ सारख्या अक्षरातील रफार व अनुस्वार किंवा ‘द्धू’ सारख्या अक्षरातील उकार छाटला जातो. अनुस्वार किंवा उकार गेल्याने शब्दाचा अर्थ बदलू शकतो, त्यामुळे वाचकाच्या दृष्टीने ही केवळ दिसण्याची उणीव राहत नाही. घटकाची उंची निवडलेल्या टंकाच्या प्रत्यक्ष मापांवरून काढणे, हा यावरील उपाय होय. उर्दू, अरबी इ. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी संपूर्ण मांडणी आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे फिरवावी लागते. त्यामुळे आधुनिक साधनांत ‘डावी’ व ‘उजवी’ यांऐवजी ओळीची ‘आरंभीची’ व ‘अखेरची’ कड असा निर्देश करतात.

मंददृष्टी वापरकर्ते : ज्यांची दृष्टी क्षीण असते त्यांना अक्षरे मोठी करून वाचावी लागतात. अक्षरे मोठी करणे म्हणजे मांडणीच्या दृष्टीने विंडो लहान करण्यासारखेच असते. १,२८० पिक्सेल रुंदीची विंडो चौपट मोठी करून पाहिली, तर मांडणीला ३२० पिक्सेलच उपलब्ध राहतात. महाजालाच्या सुगम्यतेसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मजकूर दुप्पट मोठा केला तरी आशय व कार्य यांत उणेपणा येऊ नये अशी अपेक्षा आहे. २०१८ च्या आवृत्तीत ३२० पिक्सेल रुंदीतही उभ्या दिशेने वाचावयाचा मजकूर आडवा न सरकविता वाचता यावा, असा निकष जोडण्यात आला. नकाशे, मोठी कोष्टके इत्यादींना त्यातून सूट आहे. प्रत्येक ओळीसाठी पृष्ठ उजवीकडे व पुन्हा डावीकडे सरकवावे लागल्यास वाचनातील संगती तुटते, हे या निकषामागील कारण होय. स्थिर मांडणीत अशा वापरकर्त्याला मोठी अक्षरे किंवा प्रोग्रॅमचा पूर्ण वापर यांपैकी एकालाच मुकावे लागते.

निवड व मर्यादा : कोणतीही एक पद्धती सर्व ठिकाणी पुरी पडत नाही. थोडे घटक असलेल्या लहान विंडोला कडांशी जखडणे पुरेसे असते. माहिती भरावयाच्या नमुन्यांना जाळी, छायाचित्रसंग्रहांना प्रवाही मांडणी व गुंतागुंतीच्या रचनांना निर्बंध सोयीचे पडतात. प्रत्यक्षात मोठ्या विंडोत त्यांचे मिश्रण केलेले असते. प्रत्येक घटक ताणला गेलाच पाहिजे असेही नाही. फार लांब ओळी वाचणे अवघड असल्यामुळे मजकुराच्या स्तंभाला कमाल रुंदी घालून उरलेली जागा मोकळी सोडणे हितावह असते. जागा फारच कमी असेल तेव्हा सरकपट्टी देऊन आशय आवाक्यात ठेवणे भाग पडते. काय दाखवावे, काय आड ठेवावे व कोणत्या घटकाला प्रथम जागा द्यावी हा निर्णय मात्र गणनविधी घेऊ शकत नाही. तो कामाचे स्वरूप जाणणाऱ्या रचनाकारालाच घ्यावा लागतो. तयार मांडणीची परीक्षा विंडो किमान मापाची करून, अक्षरे सर्वांत मोठी ठेवून आणि भाषांतरातील सर्वांत लांब शब्द घालून घेतात. या तिन्ही परिस्थितींत शेवटचे बटन दिसले व दाबता आले, तर मांडणी वापरण्यायोग्य समजली जाते.